घोडबंदर रोड: बंदराकडे जाणारा रस्ता ठाण्याचा मुख्य रस्ता कसा झाला?

ठाण्यात कुणी 'आम्ही घोडबंदरला राहतो' असं सांगितलं, तर तो माणूस बहुतेक वेळा घोडबंदर गावात राहत नसतो. तो मानपाड्याला, वाघबीळला किंवा कासारवडवलीला राहत असतो. घोडबंदर नावाचं मूळ गाव तिथून आठ-दहा किलोमीटर पुढे आहे, वसई खाडीच्या काठावर आणि तेही ठाण्यात नाही, तर मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत.

हा राज्य महामार्ग क्रमांक ४२. कागदावर राज्य महामार्ग असला, तरी आज तो लाखो लोकांचा घरापासून शाळेपर्यंत, ऑफिसपर्यंत आणि भाजी मंडईपर्यंत जायचा रस्ता आहे. त्याच वेळी जेएनपीटीहून गुजरातला जाणाऱ्या कंटेनरचाही तो रस्ता आहे आणि ठाण्याहून बोरिवली किंवा मीरा रोडला जाणाऱ्यांचाही. एकाच रस्त्यावर ही तिन्ही कामं कशी येऊन पडली? ते समजून घ्यायचं, तर आधी तो कुठून कुठे जातो ते पाहावं लागेल.

घोडबंदर रोड नेमका कुठून कुठे जातो?

रस्त्याची सुरुवात होते ठाण्यात, माजिवडा-कापूरबावडी भागात. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पुढे भिवंडीमार्गे नाशिककडे जाणारा महामार्ग इथेच एकमेकांना भेटतात. इथल्या एका चौकाला जुने ठाणेकर आजही 'गोल्डन डाइज नाका' म्हणतात. परिसर एकेकाळी कारखान्यांचा होता, याची खूण त्या नावात उरली आहे.

कापूरबावडीहून रस्ता वायव्येकडे वळतो. डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि उजव्या हाताला काही अंतरावर खाडी. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही गावं खाडीच्या बाजूची. पुढे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, मग कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा आणि गायमुख. यातल्या भाईंदरपाड्याचा आणि पश्चिम रेल्वेवरच्या भाईंदर स्टेशनचा संबंध जोडून कुणी इथे उतरलं, तर फसगत नक्की. हा पाडा अजून ठाण्यातच आहे.

गायमुखपर्यंत डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये बऱ्यापैकी सपाट जमीन आहे. म्हणूनच तिथे एवढं शहर वसू शकलं. गायमुखला मात्र डोंगर थेट खाडीपर्यंत येतो. रस्ता चढाला लागतो, वळणं सुरू होतात, एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाली खाडी. हाच गायमुख घाट. सह्याद्रीतल्या घाटांच्या तुलनेत त्याला घाट म्हणणं जरा जास्तच होईल, पण अवजड वाहनांना दमवायला तेवढा चढ पुरतो.

घाट उतरल्यावर काजूपाडा आणि चेणे. चेण्याची छोटी नदी उद्यानातल्या डोंगरातून येऊन खाडीला मिळते. पुढे खाडीच्या काठावर घोडबंदर गाव आणि किल्ला आहे आणि याच भागात रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ला मिळतो. या चौकाला सगळे 'फाउंटन' म्हणतात, तिथल्या एका हॉटेलवरून. उजवीकडे वळलं की वसई खाडीवरचा पूल आणि पुढे वसई-विरार, गुजरात. डावीकडे काशिमिरा, दहिसर आणि मुंबई. या भागाचं नाव वरसावे. बातम्यांत आणि फलकांवर त्याचं 'वर्सोवा' होतं आणि मग अंधेरीच्या वर्सोव्याशी गोंधळ होतो. वर्सोवा पुलावर कोंडी अशी बातमी वाचून अंधेरीतल्या लोकांनी काळजी करायचं कारण नसतं.

माजिवड्यापासून फाउंटनपर्यंतचं हे सगळं अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. रस्ता मोकळा असेल, तर अर्ध्या तासाचा प्रवास. पण 'मोकळा असेल तर' या तीन शब्दांवर घोडबंदर रोडची सगळी चर्चा अडलेली असते.

नाव कुठून आलं?

घोडबंदर म्हणजे घोड्यांचं बंदर. पोर्तुगीज काळात अरबस्तानातून आणलेले घोडे इथे उतरवले जात आणि त्यांचा व्यापार चाले, अशी या नावामागची रूढ कथा आहे. काही अभ्यासकांनी तर हे नाव त्याहून खूप मागे नेलं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात 'हिप्पोकुरा' असं एक ठिकाण येतं. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा, तेव्हा हिप्पोकुरा म्हणजेच घोडबंदर असावं, असा हा तर्क. इतर अभ्यासकांनी हिप्पोकुरा वेगळ्याच ठिकाणी दाखवलं आहे. त्यामुळे ही ओळख तर्क म्हणूनच घ्यावी.

बंदर इथेच का झालं, हे मात्र नकाशा पाहिला की कळतं. आज ज्याला आपण मुंबई उपनगर आणि ठाणे म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे साष्टी बेट. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसई खाडी, पश्चिमेला समुद्र. समुद्रातून वसई खाडीत शिरणारं गलबत कल्याणकडे किंवा ठाण्याकडे जाताना घोडबंदरवरूनच जाणार. म्हणजे घोडबंदर ज्याच्या ताब्यात, त्याची या जलमार्गावर नजर. पलीकडच्या काठाने पुढे पश्चिमेला गेलं की वसईचा किल्ला, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं.

पोर्तुगीजांनी म्हणूनच घोडबंदरला किल्ला बांधला. मराठ्यांनी १७३७ साली साष्टीची मोहीम काढली, तेव्हा ठाण्याबरोबर हा भागही त्यांच्याकडे आला. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली १७३९ साली वसई पडली आणि पोर्तुगीजांचं इथलं राज्य संपलं. पुढे डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. म्हणजे चाळीसेक वर्षांत या छोट्या बंदराने तीन सत्ता पाहिल्या.

मुंबईत पण एक घोडबंदर रोड होता का?

हो आणि हे अनेकांना माहीत नसतं. वांद्र्यापासून अंधेरी, मालाड, बोरिवली करत उत्तरेकडे जाणाऱ्या आजच्या एस. व्ही. रोडचं म्हणजे स्वामी विवेकानंद मार्गाचं जुनं नाव घोडबंदर रोडच होतं. पश्चिम उपनगरांतल्या जुन्या कागदपत्रांत आणि पत्त्यांत ते अजून सापडतं.

त्या काळात रस्त्याला नाव देण्याची पद्धत सरळ होती. रस्ता जिथे पोहोचतो, त्या गावाचं नाव. साष्टी बेटाच्या मधोमध डोंगर आणि जंगल. त्याच्या पश्चिमेने वांद्र्याहून एक रस्ता उत्तरेला घोडबंदरकडे जायचा आणि पूर्वेने ठाण्याहून दुसरा. बेटाच्या वरच्या टोकाला दोघांची गाठ पडायची. नकाशावर उलटा 'व्ही' काढला तर त्याचं टोक म्हणजे घोडबंदर. तिथे पोहोचून खाडी ओलांडली की पुढे वसई आणि गुजरात.

१८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला, तेव्हा मुंबई बेट आणि वांद्रे जोडले गेले. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी दिलेली १ लाख ५७ हजार रुपयांची देणगी प्रसिद्ध आहे. त्यानंतर मुंबईतून बैलगाडी, घोडागाडी थेट घोडबंदरच्या रस्त्याला लागू शकत होती. पण काही वर्षांतच रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६४मध्ये गुजरातकडून येणारी बीबीसीआयची लाइन मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. माल आणि माणसं रेल्वेने जाऊ लागली, तशी खाडीतल्या छोट्या बंदरांची गरज आटत गेली.

पश्चिमेकडच्या रस्त्याभोवती रेल्वे स्टेशनं होती, म्हणून तिथे उपनगरं लवकर वाढली. पुढे रस्त्याचं नावही बदललं. पूर्वेकडच्या रस्त्याच्या नशिबी रेल्वे आली नाही. मध्य रेल्वे ठाण्याहून कल्याणकडे वळते, पश्चिम रेल्वे भाईंदरहून खाडी ओलांडते आणि दोघींच्या मधला हा पट्टा तसाच राहतो. जुनं नाव टिकलं ते इथेच. आणि आजच्या कोंडीचं पहिलं कारणही इथेच आहे, कारण या पट्ट्यात पुढे जे शहर वसलं, ते रेल्वेशिवाय वसलं.

'राज्य महामार्ग' म्हणजे काय?

महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड आहे. सगळ्यात वर राष्ट्रीय महामार्ग, मग प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. राज्य महामार्ग ही सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाची जबाबदारी. गावांना आणि शहरांना जोडणं हे त्याचं काम. शहराच्या आतला रस्ता म्हणून त्याची कल्पनाच केलेली नसते.

घोडबंदर रोडचं दुखणं असं की तो राज्य महामार्ग राहिला आणि शहर त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहिलं. मग रस्ता कुणाचा, हा प्रश्न गुंतागुंतीचा होत गेला. बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ म्हणजे एमएसआरडीसी, मेट्रो आणि उड्डाणपूल बांधणारी एमएमआरडीए, गायमुखपर्यंत ठाणे महापालिका, पुढे मीरा-भाईंदर महापालिका, जंगलाच्या बाजूला वन विभाग आणि वाहतुकीसाठी दोन वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं. एखादा खड्डा पडला, की तो कोणी बुजवायचा यावरच आधी बैठक होते, अशी रहिवाशांची नेहमीची तक्रार असते. ती फार चुकीची नाही.

गावांचं शहर कसं झालं?

१९८०च्या दशकापर्यंत कापूरबावडीच्या पुढे गेलं की शेती, आगरी-कोळ्यांची गावं, डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडे आणि अधूनमधून कारखाने असं चित्र होतं. कोलशेतच्या बाजूला रसायन आणि औषध कंपन्या होत्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महापालिका स्थापन झाली आणि घोडबंदर रोडवरची गावं शहराच्या हद्दीत आली.

जुन्या ठाण्यात तेव्हा जागा संपत आली होती. पूर्वेला खाडी, दक्षिणेला मुलुंड म्हणजे मुंबईची हद्द, पश्चिमेला येऊरचं जंगल. वाढायला मोकळी दिशा एकच, घोडबंदरची. १९९०च्या दशकात आणि त्यानंतर कारखाने बंद पडू लागले किंवा बाहेर गेले, तशी त्यांची जमीनही गृहसंकुलांना मिळाली.

जनगणनेचे आकडे पाहिले की वेग कळतो. ठाणे महापालिकेची लोकसंख्या १९९१मध्ये सुमारे ८ लाख होती. २००१मध्ये ती साडेबारा लाखांच्या पुढे गेली आणि २०११मध्ये १८ लाख ४१ हजारांवर पोहोचली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मीरा-भाईंदर २०११मध्येच ८ लाखांवर होतं. दोन वाढती शहरं आणि त्यांना थेट जोडणारा रस्ता एकच. २००९च्या निवडणुकीपासून या पट्ट्याचा ओवळा-माजिवडा असा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. नाव वाचलं तरी कळतं की तो या रस्त्याभोवतीच आखलेला आहे. २०२४मध्ये त्याची मतदारसंख्या ५ लाखांच्या पुढे गेली होती.

इमारती आधी आल्या आणि बाकी सोयी मागून. पाण्यावरून हे उघड झालं. २०१७मध्ये टंचाईच्या याचिकेवर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर काही काळ निर्बंध घातले होते. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात लाखो-कोटींचे फ्लॅट घेतलेल्या सोसायट्या टँकरवर अवलंबून होत्या.

रुंदीकरण झालं, मग कोंडी का सुटली नाही?

रस्ता वाढवला गेला नाही असं नाही. २०००च्या दशकात एमएसआरडीसीच्या माध्यमातून सुमारे १५ किलोमीटरच्या या टप्प्याचं रुंदीकरण झालं. पद्धत होती बीओटी, म्हणजे 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा'. खासगी कंपनीने पैसे घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे. गायमुखच्या टोलनाक्यावर सुमारे पंधरा वर्षं ही वसुली चालली. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल आले. बाजूला सेवा रस्ते आले. अलीकडे भाईंदरपाडा आणि कासारवडवलीलाही पूल झाले.

पण रस्त्यावर येणारी वाहनंही त्याहून वेगाने वाढली आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अवजड वाहनांच्या त्रासाचा आहे. १९८९ साली उरणजवळ जेएनपीटी बंदर सुरू झालं. तिथून गुजरात किंवा उत्तर भारताकडे जाणारा ट्रक कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत माजिवड्याला येतो आणि घोडबंदर रोडने फाउंटनला जाऊन अहमदाबादचा महामार्ग पकडतो. भिवंडीच्या गोदामांतून निघालेली वाहनंही बऱ्याचदा हाच मार्ग धरतात. घोड्यांचं बंदर बंद झालं, पण दुसऱ्या एका बंदराची वाहतूक त्याच्या रस्त्यावर आली.

दिवसा अवजड वाहनांना बंदी घालण्याच्या अधिसूचना वाहतूक पोलीस काढत असतात. वेळा बदलतात, सवलती बदलतात. बंदी कडक झाली की ट्रक माजिवडा आणि खारेगावच्या आसपास थांबून राहतात आणि वेळ संपली की एकदम सुटतात. पर्याय म्हणून भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून कामणमार्गे चिंचोटीला जाणारा रस्ता दाखवला जातो. तो खाडीच्या पलीकडून जातो आणि सरळ अहमदाबाद महामार्गाला मिळतो. कागदावर पर्याय चांगला आहे. पण त्या रस्त्याच्या अवस्थेबद्दलच्या तक्रारी घोडबंदरपेक्षा कमी नाहीत, त्यामुळे चालक पुन्हा इकडेच वळतात.

खरी मेख गायमुख घाटात आहे. ठाण्याच्या बाजूचा रुंद रस्ता इथे येऊन आवळला जातो. भरलेला कंटेनर चढावर रांगू लागतो आणि मागची रांग वाढत जाते. एखादी गाडी बंद पडली, तर तिला बाजूला घ्यायला जागा नाही, कारण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी रस्त्यावर येतं, डांबर उखडतं, खड्डे पडतात आणि वेग आणखी कमी होतो. दुरुस्ती करायची तर रस्ता बंद करावा लागतो. रस्ता बंद केला तर दोन्ही शहरं थांबतात. म्हणून कामं सुट्टीच्या दिवशी, रात्री, तुकड्या-तुकड्यांनी होतात आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच.

फाउंटनच्या टोकालाही हीच गत. वसई खाडीवरच्या जुन्या पुलाला २०१३मध्ये तडा आढळला आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी तो अनेकदा पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवावा लागला. तेव्हा रांगा घोडबंदर रोडवर मागेपर्यंत येत. २०२३मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला आणि तिथला ताण काहीसा कमी झाला.

दुसरा रस्ता का नाही?

ठाणे आणि बोरिवली यांच्यामधलं सरळ अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आहे. पण मध्ये १०३ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. येऊरचा रस्ता जंगलात जाऊन संपतो, पलीकडे निघत नाही. उद्यानाच्या दक्षिणेने जायचं तर पवईचा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि उत्तरेने जायचं तर घोडबंदर. या दोघांच्या मध्ये पूर्व-पश्चिम जाणारा वापरातला रस्ता नाही. लोकलने जायचं झालं, तर ठाण्याहून दादरला उतरून पुन्हा उत्तरेला बोरिवलीपर्यंत म्हणजे जवळपास ४८ किलोमीटर. म्हणून ठाणे-बोरिवली एसटी गच्च भरलेली असते.

जंगल आहे म्हणून रस्ता अडतो, असं म्हणणं सोपं आहे. उलट्या बाजूनेही पाहायला हवं. उद्यानातले बिबटे, हरणं आणि इतर प्राणी यांच्यासाठी उत्तरेकडचं तुंगारेश्वर अभयारण्य हा जवळचा दुसरा अधिवास आहे. दोघांच्या मध्ये वसई खाडी आणि हा रस्ता येतो. गायमुख ते चेणे या पट्ट्यात वाहनांच्या धडकेत वन्यप्राणी मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. रस्ता रुंद केला, वेग वाढवला, तर प्राण्यांसाठी तो ओलांडणं आणखी अवघड होणार. शिवाय घाटात इंचभर रुंदी वाढवायची तरी जमीन वन विभागाची. त्यासाठी १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते. खाडीच्या बाजूला सरकायचं तर कांदळवन आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम. चेणे, काजूपाडा भागातल्या आदिवासी पाड्यांनाही रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे आणि जंगलही पाहिजे. ठाणे-मीरा रोडच्या भांडणात त्यांचं नाव मात्र क्वचितच येतं.

आता काय काय होतंय?

सगळ्यात ठळक काम मेट्रो ४चं. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड, ठाणे करत कासारवडवलीपर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा हा मार्ग आहे आणि मेट्रो ४अ त्याला गायमुखपर्यंत नेते. २०१८पासून काम सुरू झालं, तेव्हापासून रस्त्याच्या मधल्या मार्गिका बॅरिकेडने अडल्या. म्हणजे कोंडी सोडवणाऱ्या प्रकल्पानेच कित्येक वर्षं कोंडी वाढवली. सप्टेंबर २०२५मध्ये गायमुखच्या बाजूच्या टप्प्यावर चाचणी झाली. कारशेड मोघरपाड्याला आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांचा मोबदल्यावरून वाद झाला. पुढे गायमुखहून मीरा रोडला जाणारी मेट्रो १०ही मंजूर आहे. ती झाली, तर ठाणे आणि पश्चिम उपनगरं उत्तरेच्या बाजूने पहिल्यांदाच रुळांनी जोडली जातील. रेल्वे न आलेल्या रस्त्याला दीडशेहून अधिक वर्षांनी रूळ मिळतील.

दुसरं काम ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं. उद्यानाच्या पोटातून जाणारा, एकूण ११.८ किलोमीटरचा प्रकल्प आणि त्यात प्रत्यक्ष बोगदा सव्वादहा किलोमीटरचा. जुलै २०२४मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. ठाण्याकडचं तोंड मानपाड्याजवळ आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बोगद्याने बोरिवलीला जाणाऱ्या गाड्या घाटातून कमी होतील, पण मानपाड्यापर्यंत त्यांना घोडबंदर रोडनेच यावं लागेल. म्हणजे घाटावरचा भार कमी होताना शहरातल्या टप्प्यावरचा वाढू शकतो.

घाटासाठीही स्वतंत्र बोगद्याचा बेत होता. गायमुख ते फाउंटन बोगदा आणि पुढे भाईंदरपर्यंत उन्नत रस्ता, असा सुमारे १४ हजार कोटींचा प्रकल्प. त्याच्या निविदेवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२५मध्ये एमएमआरडीएने निविदाच रद्द केल्या. बाळकुम ते गायमुख असा खाडीलगतचा किनारी रस्ताही प्रस्तावित आहे. सुमारे १३ किलोमीटरचा तो रस्ता घोडबंदरला समांतर जाईल, पण संपेल गायमुखलाच, म्हणजे जिथे रस्ता आवळला जातो तिथे.

रहिवाशांचा सध्याचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळ्याच कामावर आहे. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करून मार्गिका वाढवायच्या, असं ते काम. वाहनांना जागा मिळेल, हा त्यामागचा हिशोब. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की सोसायटीच्या दारातून बाहेर पडणारी मुलं, शाळेच्या बस, रिक्षा, बसथांब्यावर उभे राहणारे लोक या सगळ्यांसाठी सेवा रस्ता होता. तो गेला, तर गेटच्या बाहेर थेट कंटेनरची मार्गिका. रस्ता ओलांडण्याचं अंतरही वाढेल. हा महामार्ग आहे असं धरलं, तर विलीनीकरण बरोबर ठरतं. हा शहरातला रस्ता आहे असं धरलं, तर ते धोक्याचं ठरतं. घोडबंदर रोड नेमका कोणता, हे सरकारी यंत्रणांनी कधी ठरवलेलंच नाही.

ट्रकचं उत्तर तर घोडबंदर रोडवर नाहीच. ते बदलापूरच्या बाजूने जेएनपीटीला जाणाऱ्या वडोदरा द्रुतगती मार्गात आहे, ज्याचं काम सुरू आहे आणि चिंचोटी-कामण रस्त्याच्या सुधारणेत आहे. तोपर्यंत गुजरातकडे निघालेला कंटेनर रात्री माजिवड्याला वळणार आणि वाघबीळ, कासारवडवलीच्या इमारतींखालून घाटाकडे जात राहणार.

घोडबंदरचा किल्ला आजही पाहता येतो. गावात शिरून खाडीच्या दिशेने गेलं, की टेकाडावर तटबंदी आणि बुरूज दिसतात. मीरा-भाईंदर महापालिकेने तिथे डागडुजीची कामंही केली आहेत. वरून वसई खाडी पश्चिमेकडे वळताना दिसते आणि मागे महामार्गाचा आवाज येत असतो. ठाण्याहून निघायचं असेल, तर रविवारी सकाळी लवकर निघालेलं बरं.